रत्नाचा कंडक्टर

कुत्र्याला घेऊन मी कड्यावर गेलो, असं वाडीत सगळे सांगतात. सांगोत बापडे. त्या दिवशी कुणी कुणाला नेलं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

मी मानसिंग. भोर डेपोला एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो. एकतीस वर्षांत गाडी कधी घासली नाही आणि माझ्या चुकीनं कधी लेट केली नाही. लेट झाली असेल तर ती कंडक्टरमुळे. कंडक्टर या माणसाशी माझं आयुष्यात पटलं नाही. थांब्यावर गप्पा छाटत बसणार ते, आणि उशीर झाला की लोकांच्या शिव्या खाणार मी. असो, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो आणि ती कटकट संपली.

रविवार होता, मार्गशीर्षातला. दुपारी बाराला माझा मेव्हणा हनुमंत पानशेतहून टेम्पो घेऊन विंझरला येणार होता आणि आमचा कुत्रा घेऊन जाणार होता. त्याची तिकडे खानावळ आहे, राखणीला कुत्रा हवा होता. मला तो देऊनच टाकायचा होता, कारण सोमवारी माझा मुलगा स्वरूप मला कायमचा धायरीच्या फ्लॅटवर नेणार होता. त्याच्या सोसायटीत कुत्रा चालत नाही. म्हातारा चालतो, असं त्यानं विचारून घेतलं होतं.

कुत्रा खरं तर माझा नव्हेच, माझ्या बायकोचा. रत्नाचा. रत्ना भाद्रपदात गेली, चार दिवसांच्या तापानं. तांबूस रंगाचा, पुढचे दोन पाय पांढरे आणि डावा कान मोडलेला असा हा प्राणी तिच्या मागेपुढे असायचा. ती त्याला ‘बाळा’ म्हणायची, मी नुसतं ‘ए’ म्हणायचो. आमचं तेवढ्यावर भागत होतं. ती गेल्यावर पाचसहा दिवस तो अंगणात पडून राहिला आणि मग पुन्हा दर शनिवार-रविवार सकाळी गायब व्हायला लागला. संध्याकाळी यायचा आणि ओसरीवर आडवा व्हायचा.

“दाजी, त्यो जातो कुठं, त्येला तिथं चारतं कोण, ते बघून या,” हनुमंत फोनवर म्हणाला होता. “तिथल्या मानसांना सांगून ठेवा. न्हाईतर माझ्याकडनं बी पळून जाईल आन् मी इकडं बोंबलत बसंल.”

कुठे जातो ते मला ठाऊक होतं. आमच्या वाडीच्या डोक्यावर निशाणीचा कडा आहे. तिथून राजगड, तोरणा आणि गुंजवणीचं पाणी असं सगळं एकदम दिसतं म्हणून पुण्याची माणसं सुट्टीच्या दिवशी चढून येतात. रत्ना अकरा वर्षं शनिवार-रविवारी तिथे ताक विकत होती. मला ते अजिबात पसंत नव्हतं. ड्रायव्हरच्या बायकोनं डोक्यावर घागर घेऊन डोंगर चढायचा आणि पोरापोरींना ग्लास भरून द्यायचे, हे काय शोभतं? त्यावरून आमची भांडणं व्हायची. भांडण संपताना ती दर वेळी एकच म्हणायची, “तुमी एकदा वर या. बघा. मग बोला.” मी गेलो नाही. आधी ड्युटी होती, मग गुडघे होते. खरं सांगायचं तर ड्युटीही नव्हती आणि गुडघेही नव्हते, माझा हट्ट होता.

सातला निघालो. दोन तास चढायला, दीड तास उतरायला, साडेअकराला विंझर. असा हिशेब मनात पक्का. पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन भाकऱ्या. कुत्रा हनुमंताच्या हवाली करायचा होता म्हणून त्याच्या गळ्यात दावं बांधलं. तर हा गडी जागचा हलेना. चारी पाय रोवून माझ्याकडे असा बघत होता की जणू चूक माझीच आहे.

वाटेत गोरखच्या खळ्यावर भात झोडायचं चाललं होतं. त्यानं हात थांबवला. “काय मानसिंगराव, आज पाशिंजर म्हनून व्हय?”

“कसला पॅसेंजर?”

“आन् कंडक्टरला बांधलंय का?” असं म्हणून तो हसला आणि पुन्हा पेंढी आपटायला लागला. सकाळी सकाळी गोरखची तब्येत बरी नसावी असं मला वाटलं. मी दावं ओढत पुढे निघालो.

मारुतीच्या देवळापाशी दोघं बुटाच्या नाड्या बांधत बसले होते, पाठीवर सॅक, पुण्याचे. मुलगा अभिषेक, मुलगी दीपमाला. नावं मागाहून कळली. मुलीनं कुत्र्याला बघितलं आणि ती किंचाळलीच. “ब्राऊनी! अरे, ब्राऊनीला कुणी बांधलं?”

“ब्राऊनी कोण?” मी म्हणालो.

“काका, सोडा आधी त्याला. असं बांधून ओढत नेतात का? तो काय तुमचा कुत्रा आहे?”

आता यावर काय बोलणार? होय म्हणावं तर मला त्याचं नावसुद्धा सांगता आलं नसतं. नाही म्हणावं तर दावं माझ्या हातात. मी रागानं गाठ सोडली. सुटल्याबरोबर हा पळणार, हनुमंत बोंबलणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण तो पळाला नाही. त्यानं अंग झटकलं, आमच्या तिघांभोवती एक फेरी मारली, वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि दोनदा भुंकला.

“चला,” अभिषेक म्हणाला, “निघायचं म्हणतोय.”

आणि ते दोघं निमूट निघाले. मी मागे. माझ्या वाडीचा डोंगर, माझ्या घरचा कुत्रा, आणि सगळ्यात मागे मी.

गवत पिवळं पडलं होतं. पोरं भराभरा चढत होती आणि मला धाप लागत होती. दर थोड्या वेळानं वरून एकदा भुंकल्याचा आवाज यायचा. बघावं तर पोरं थांबलेली असायची आणि कुत्रा वाटेत आडवा बसलेला. मी जवळ पोचलो की तो उठायचा, दोनदा भुंकायचा, पुन्हा सगळे चालू. पहिल्यांदा वाटलं योगायोग. दुसऱ्यांदा वाटलं पोरांनी काहीतरी शिकवलंय. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. माझ्यासाठी हा आडवा होऊन थांबतोय, माझ्यासाठी? म्हातारा समजतो की काय?

खिंडीच्या अलीकडे वाट फुटते. डावीकडची चांगली रुंद, मळलेली. उजवीकडची बारीक, कारवीच्या झुडपांत घुसलेली. कुत्रा उजवीकडे वळला आणि पोरं त्याच्यामागे वळली.

“अरे, रस्ता हा आहे,” मी डावीकडे हात केला. “एकतीस वर्षं गाडी चालवली आहे मी. रस्ता कुठला आणि चकवा कुठला, मला कळतं.”

“काका, ब्राऊनी नेहमी इकडून नेतो.”

“मग जा ब्राऊनीबरोबर.”

मी डावीकडून गेलो. मागे कुत्रा एकदा भुंकला. मी लक्ष दिलं नाही. पाच मिनिटं रस्ता छान होता, मग गुरं बसायची मोकळी जागा आली, आणि तिच्या पलीकडे नुसता मुरमाड उतार, पाय टाकला की खाली जाणारा. गुरांच्या वाटेनं आलो होतो मी. टेकायला हात टाकला तिथे काटे. तसाच शिव्या देत परत फिरलो. कुणाला देत होतो कोण जाणे.

फाट्यावर कुत्रा होता. पोरं सावलीत बसून खजूर खात होती. “आम्ही निघालो होतो,” दीपमाला म्हणाली, “पण हा हलतच नाही. तुम्ही येईपर्यंत.”

कुत्र्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, सगळे आहेत ना याची खात्री केली आणि दोनदा भुंकला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात गोरखचं बोलणं पुन्हा आलं. एक घंटा म्हणजे थांब. दोन घंटा म्हणजे निघ. एकतीस वर्षं मी दुसरं काय ऐकलं होतं? पण हे कुत्र्याला कुणी शिकवलं, आणि कशासाठी? मी मुकाट चालायला लागलो.

साडेनऊच्या सुमाराला वर पोचलो. मला वाटलं होतं त्याहून कडा मोठा होता. वारा, उन्हात चमकणारं पाणी, समोर राजगडाचा बालेकिल्ला. एका खडकाच्या आडोशाला आमच्याच वाडीची सगुणाबाई लिंबू-सरबत आणि काकड्या घेऊन बसली होती. मला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आगं बया! भाऊजी, तुमी? वर?”

तिचं ‘वर’ जरा जास्तच मोठं होतं. पोरांनी माझ्याकडे वळून बघितलं.

“कुत्र्याच्या मागं आलोय,” मी म्हणालो. “आज त्याला हनुमंत नेणार. इथं त्याला कोण चारतं?”

“चारतं?” सगुणाबाई म्हणाली. “कामाची भाकर खातो त्यो. रत्ना द्यायची, फेरीला चतकोर. आता मी देती, जमंल तशी. माझ्याकडं बी गिऱ्हाईक त्योच आनतो की. खाली देवळापशी जातो, मानसं गोळा करतो, चुकू देत न्हाई, मागं राह्यलेल्यासाठी थांबतो. येकदा भुकला की थांबा, दोनदा भुकला की चला. रत्नानंच नाव ठिवलं, कंडक्टर. म्हनायची, माजा ड्रायव्हर खाली आन् कंडक्टर वर.”

“त्याला शिकवलं कुणी पण?”

“आता घ्या! तुमीच की.” ती माझ्याकडे बघतच राहिली. “रत्ना समद्यांना सांगायची, आमच्या मालकांनी शिकिवलंय. घंटीची रीत त्येंचीच म्हनं.”

मी या कुत्र्याला आयुष्यात भाकरीचा तुकडा टाकला नव्हता. ओसरीवर चढला तर चप्पल फेकली होती. सगुणाबाई खोटं बोलत नव्हती हे तोंडावरून दिसत होतं. मग खोटं कोण बोललं? आणि असलं खोटं कशाला?

तेवढ्यात अभिषेक सॅक उतरवून एका चपट्या दगडावर बसायला गेला. दगड चांगला होता, कड्याच्या बाजूला, पाठ टेकायला मागे खडक. तो टेकतो न टेकतो तोच कुत्रा गुरगुरला. खेळातलं गुरगुरणं नव्हतं, दात दिसत होते. अभिषेक ताडकन उठला.

“सॉरी, सॉरी. विसरलो,” तो कुत्र्याला म्हणाला. मग मला म्हणाला, “इथे कुणी बसायचं नसतं. ताकवाल्या मावशींची सक्त ताकीद होती. मालक येणार आहेत, म्हणायच्या.”

“कधी?”

“काय कधी?”

“मालक कधी येणार म्हणायची?”

“आज,” दीपमाला म्हणाली. “आम्ही तीनदा आलो होतो. तिन्ही वेळा आजच येणार होते.” आणि मग तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण ती एकदम गप्प झाली.

मला राग आला, पण तो कुणावर काढायचा ते समजेना. शेवटी सगुणाबाईच म्हणाली, “त्या दगडावरनं गाडी दिसती, भाऊजी. म्हनून त्यो दगड.”

खरंच दिसत होतं. खाली झाडांमधून रस्त्याचा एक तुकडा, विंझरच्या पुढचं वळण. त्या वळणावरून मी किती हजार वेळा गेलो असेन. गिअर बदलताना उजव्या हाताला हा कडा दिसायचा आणि मी मुद्दाम तिकडे बघायचो नाही.

“हो, हो,” दीपमालाला पुन्हा वाचा फुटली. “दहा वीसची भोर-वेल्हे! मावशी हातातला ग्लास ठेवून उभ्या राहायच्या. ती बघा म्हणायच्या, आमच्या मालकांची गाडी. आम्हीसुद्धा टाटा करायचो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आलो होतो तेव्हा तर सगळ्यांनी मिळून केला होता.”

“गेल्या वर्षी दिवाळीत?”

“हो.”

मी बोटं मोजली. दोनदा मोजली. गेल्या वर्षीच्या दिवाळीत मी रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. दहा वीसला मी घरी ओसरीवर पेपर तोंडावर घेऊन पडलेलो असायचो. मग ही माणसं टाटा कुणाला करत होती? ती गाडी कोण चालवत होता? रत्नाला काय माहीत नव्हतं मी घरी आहे म्हणून? सकाळी माझ्या उशाशी चहा ठेवूनच ती निघायची.

“म्या बी इचारलं हुतं तिला,” सगुणाबाई हळू आवाजात म्हणाली. “म्हनलं, आगं रत्ने, भाऊजी तर घरी हायेत. गाडी कसली दावतीस? तर म्हनली, घरी हायेत म्हनून सांगितलं तर लोक इचारत्यात, मग वर का येत न्हाईत. गाडीवर हायेत म्हनलं की कुनी इचारत न्हाई.”

मला एकदम खाली बसावंसं वाटलं. पण बसायचं कुठे तेही कळेना. मी पाठ फिरवली आणि उगाच पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायलो.

पोरं समजूतदार होती. फोटो काढायचे म्हणून ती पलीकडच्या टोकाला गेली आणि कुत्रा त्यांच्या पुढे गेला. त्यानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्याच्या दृष्टीनं मला वर आणून सोडलं होतं, काम झालं होतं. सगुणाबाई पाठमोरी होऊन काकड्या सोलायला लागली.

मी दगडावर बसलो.

ऊन पाठीला लागत होतं. दगड मधोमध थोडा खोलगट होता, बसायला बरा. तिनं किती दगड बघून हा निवडला असेल? घागर उतरवल्यावर आधी याच्यावरची धूळ पुसत असेल का? मी भांडणात तिला काय काय बोललो ते आठवायला लागलं आणि आठवू नये म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिलो. दहा वीस झाले. पाच मिनिटं गेली. मग झाडांतून लाल गाडी निघाली, बोटाएवढी, आणि वळणावर आली. लेट होती. चालवणारा कोण होता कुणास ठाऊक. मी हात वर केला आणि मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला रत्ना गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी माणसं होती, कामं होती.

मागे गुरगुर ऐकू आली.

कुत्रा परत आला होता. माझ्यापासून दोन हातांवर, मान खाली, दात बाहेर. अभिषेकवर गुरगुरला होता तसाच.

“अरे, मी आहे,” मी म्हणालो. तो पुढे सरकला.

“अरे, ज्याच्यासाठी राखतोस तोच मी. मालक. मीच तो.”

त्याला ते पटलं नाही. कसं पटणार? तिनं त्याला एवढंच शिकवलं होतं की इथे कुणी बसायचं नाही. मालक कसा दिसतो हे ती कधी दाखवू शकली नव्हती. घरी ओसरीवर चप्पल फेकणारा माणूस आणि या दगडाचा मालक हे एकच आहेत, हे त्या बिचाऱ्यानं कशावरून ओळखायचं? मला स्वतःला ते जुळवता येत नव्हतं.

मी उठलो. गुडघे दुखले, या वेळी खरोखरच. दगडाच्या शेजारी जमिनीवर बसलो. गुरगुर थांबली. कुत्रा आला, माझ्यासमोर मागच्या पायांवर बसला आणि वाट बघायला लागला. कशाची ते मला जरा वेळानं समजलं. मी पिशवीतून भाकरी काढली, चतकोर मोडला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं तो हातातून घेतला, नीट, दात न लावता. सगुणाबाई काकडी सोलायची थांबून बघत होती.

तसाच किती वेळ बसलो सांगता येत नाही. पोरं जायला निघाली. कुत्रा त्यांच्याबरोबर वाटेच्या तोंडापर्यंत गेला, एकदा भुंकला आणि माझ्याकडे बघत बसला. मी उठलो नाही. पोरं बिचारी खोळंबून उभी. मी हातानं जा जा म्हटलं, तरी तो हलेना.

फोन वाजला. हनुमंत.

“दाजी, बारा वाजून गेलं! विंझरात टेम्पो घिऊन हुबा हाय मी. कवा येताय? कुत्रं कुठं हाय?”

आयुष्यात मी पहिल्यांदा माझ्या चुकीनं लेट झालो होतो, आणि या वेळी कंडक्टरचा काही दोष नव्हता.

“कुत्रं मिळायचं न्हाई, हनुमंता,” मी म्हणालो. “त्याची ड्युटी हाय.”

“आँ? कसली ड्युटी? आन् उद्या तुमी स्वरूपकडं चाललाय न्हवं?”

स्वरूपला काय सांगायचं ते मला अजून ठरवायचं होतं.

“दाजी? ऐकू येतंय का? तुमी हाय कुठं?”

“मी वर आलोय,” मी म्हणालो. दोनदा म्हणालो. हनुमंताला एकदाच पुरे होतं.